ट्रेसरची रेघ

पहिलं वाक्यच लाल होऊन परत आलं होतं.

भाची पुण्याहून साताऱ्याला मामांकडे दोन दिवसांसाठी आली, ती कामाचं बाड सोबत घेऊनच. नीरा खोऱ्यातल्या पाण्याचा इतिहास सांगणाऱ्या एका इंग्रजी पुस्तकाचं भाषांतर तिच्याकडे होतं. प्रस्तावनेत म्हटलं होतं, की हे पुस्तक खोऱ्यातल्या कालव्यांचा इतिहास 'ट्रेस' करतं. तिने त्याचं मराठी केलं, 'हे पुस्तक कालव्यांचा इतिहास थोडक्यात सांगतं.' संपादकांनी 'थोडक्यात'खाली रेघ मारली आणि समासात लिहिलं : पुस्तक पाचशे पानांचं आहे.

दुपारच्या चहाला तिने तो कागद मामांपुढे ठेवला. "मामा, तुमचं अख्खं आयुष्य या शब्दावर गेलं. सांगा, मी चुकले का?"

"चुकलीस," मामा म्हणाले. चष्मा लावायच्या आधीच.

मामा पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. सेवापुस्तकात हुद्दा 'अनुरेखक' असा लिहिलेला होता, पण त्या नावाने कुणी हाक मारल्याचं त्यांना आठवत नाही. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे ट्रेसरच म्हणत. त्यामुळे या शब्दाचा अर्थ त्यांना कोशात पाहावा लागत नाही. ट्रेस करणं म्हणजे खालच्या रेघेवर वरची रेघ काढणं. जेवढी खाली, तेवढीच वर. त्यात 'थोडक्यात' कुठून आलं?

भाचीचं म्हणणं वेगळं. शब्द एकदा कचेरीबाहेर पडला, की तो कचेरीच्या मालकीचा राहत नाही. इंग्रजी कोशात 'ट्रेस'च्या पोटात माग काढणं आहे, उगम शोधणं आहे, गिरवणं आहे, आराखडा मांडणं आहे. एखादा लेखक म्हणतो की मी तीन पिढ्यांची गोष्ट ट्रेस करतो, तेव्हा तो पारदर्शक कागद घेऊन बसलेला नसतो. मुख्य वळणं क्रमाने दाखवून तो पुढे जातो. याला रूपरेषा म्हणायचं, नाहीतर काय?

"तू ट्रेसिंग होताना पाहिलंच नाहीस म्हणून असं म्हणतेस," मामा म्हणाले आणि सांगू लागले.

खाली पेन्सिलीने काढलेला मूळ नकाशा. त्यावर ताणून बसवलेलं ट्रेसिंग क्लॉथ, म्हणजे खळ चढवून आरपार दिसेल असं केलेलं तलम कापड. एक बाजू चकचकीत, दुसरी मंद. शाई मंद बाजूवर. कापडाने शाई धरावी म्हणून आधी त्यावर खडूची बारीक भुकटी चोळायची आणि फडक्याने पुसून घ्यायची. मग रूलिंग पेनच्या दोन पात्यांमध्ये काळी शाई भरायची, स्क्रू फिरवून रेघेची जाडी ठरवायची, आणि पेन्सिलीच्या रेघेच्या बरोबर मधोमध हात न्यायचा. रेघ चुकली तर ब्लेडने खरवडायची. पण एकाच जागी फार खरवडलं की कापडाचे धागे सुटतात आणि तिथे शाई फुटते. सगळ्यांत मोठा शत्रू पाणी. एक थेंब पडला तरी खळ विरघळते आणि डाग कायमचा राहतो. मे महिन्यात घाम, जूनपासून ओल. मनगटाखाली कोरा कागद ठेवल्याशिवाय बसायचंच नाही. या ट्रेसिंगवरून अमोनिया प्रिंटा निघत आणि त्या साइटवर जात. मूळ नकाशा कपाटात. खोदाई व्हायची ती ट्रेसरच्या रेघेवरून.

"एकास पाच हजार प्रमाणाच्या नकाशावर माझी रेघ दोन मिलिमीटर सरकली, तर जमिनीवर दहा मीटर सरकते," मामा म्हणाले. "दहा मीटरांत कुणाची तरी विहीर असते."

त्यांच्या बोलण्यात बढाई नव्हती. आपल्या हातून कुणाची विहीर जाऊ नये ही धास्ती तीस वर्षं वागवलेल्या माणसाचा तो आवाज होता. रद्द झालेलं ट्रेसिंग क्लॉथ उकळून खळ काढली, की आत अतिशय मऊ कापड निघतं. भाचीचं पहिलं झबलं तशाच कापडाचं होतं, हे तिने आईकडून ऐकलं होतं. आई स्वतः उशीच्या अभ्र्यांवर भरतकाम करायची तेव्हा भावाकडून ट्रेसिंग पेपरचे तुकडे मागून घ्यायची. नक्षीवर सुईने भोकं पाडायची आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने त्यावर फिरवायची. कापडावर निळे ठिपके उमटायचे. तिच्याही तोंडी शब्द 'ट्रेस'च होता.

"बघा," भाची म्हणाली, "आईची नक्षी, तुमचा कालवा, दोघांना एकच शब्द. २०२० साली तर तो घराघरांत पोचला. धारावीत एप्रिलच्या पहिल्याच दिवशी पहिला रुग्ण सापडला आणि पुढे महापालिकेने जे काम केलं त्याची ओळखच ट्रेसिंग, ट्रॅकिंग, टेस्टिंग, ट्रीटिंग या चार शब्दांनी झाली. तिथे कुणी रेघ गिरवत नव्हतं."

"तिथे माग काढत होते," मामा म्हणाले. "त्याला मराठी शब्द आहे. वापर तो."

आहे खराच, आणि त्यामागे मोठी जुनी शिस्त आहे. पेशवाई संपल्यावर, १८१९ साली, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने या मुलखावर जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या रखवालदाराचं काम सांगितलं आहे. चोरी झाली की त्याने पावलांवरून चोराचा माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन तिथल्या रखवालदाराची खात्री पटवली, की याची जबाबदारी संपली; पुढचा शोध त्या गावाने घ्यायचा. म्हणजे माग ही नुसती पाहायची गोष्ट नव्हती. ती एका गावाने दुसऱ्या गावाच्या हाती सोपवायची गोष्ट होती, आणि मधे एक पाऊल जरी गळलं तरी समोरचा ती घ्यायला बांधलेला नव्हता.

मागाची ही शिस्त ध्यानात आल्यावर भाचीला वाटलं, की आपली बाजू पडली. पाऊल गळता कामा नये, रेघ सरकता कामा नये. दोन्हीकडे नियम मामांचाच. तिने मग शब्दाच्या मुळाशी जायचं ठरवलं.

लॅटिनमध्ये 'त्राहेरे' म्हणजे ओढणं. तिथून जुन्या फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत 'ट्रेस' आला. याच क्रियापदाची इतर लेकरं आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. ओढतो तो ट्रॅक्टर. स्वतःकडे ओढणं म्हणजे अट्रॅक्ट. आतून ओढून काढलेला अर्क म्हणजे एक्स्ट्रॅक्ट. पोर्ट्रेटही त्यातलंच. आणि प्रबंधाच्या सुरुवातीला एका पानात छापतात तो सारांश, म्हणजे अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, तोही याच घरातला.

"म्हणजे ट्रेस आणि सारांश एका आईची मुलं आहेत," ती म्हणाली. "मी अगदीच परक्याच्या दारात गेले नव्हते, मामा."

मामांनी कप खाली ठेवला. थोड्या वेळाने म्हणाले, "ओढणं म्हणजे काढणंच की. आपण रेघ काढतो. चित्र काढतो. माग काढतो. विहिरीतून पाणी काढतो. आणि वर्षअखेरीला गोषवाराही काढतो."

हे त्यांनी सहज म्हटलं, पण त्यात जे आहे ते एखाद्या व्युत्पत्तिकाराने आनंदाने उचलावं असं आहे. 'काढणे' हे क्रियापद प्राकृतातल्या 'कड्ढ'वरून आलेलं. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात हे रूप संस्कृत 'कृष्' धातूच्या जागी दिलं आहे. कृष् म्हणजे ओढणं, नांगरणं. त्यातून कृषी आली, आकर्षण आलं, निष्कर्ष आला. आता दोन्ही घराणी शेजारी ठेवून पाहावीत. अट्रॅक्टला आकर्षण, एक्स्ट्रॅक्टला निष्कर्ष, आणि ट्रॅक्टर ज्या शेतात चालतो ती कृषी. इंग्रजीशी गाठ पडण्याच्या कितीतरी शतकं आधी संस्कृतने आपले हे शब्द घडवले होते. नांगराचा फाळ जमिनीतून ओढत नेला की मागे रेघ उमटते. हे पाहिलेल्या दोन भाषांनी ओढण्यापासून काढण्यापर्यंतची वाट आपापली शोधली. मामा बोलले ती मराठी कोशकाराची नव्हती, कचेरीतली आणि स्वयंपाकघरातली होती. तरीही जोडी तीच जुळली.

भाचीने मग नेमका प्रश्न विचारला. "मामा, खालच्या नकाशावर असायचं ते सगळं तुम्ही वर काढायचात?"

"सगळं कसं काढेन? भूसंपादनाचा नकाशा असेल तर गट नंबर, हद्दी आणि कालव्याची रेघ. झाडं, पायवाटा, देवळं सोडायची. वितरिकेचा असेल तर चाऱ्या आणि मोऱ्या हव्यात, घरं नकोत. साहेब सांगायचे काय हवं ते."

"म्हणजे तुम्ही निवडायचात. सोडायचात. मग तो नकाशाचा सारांशच नाही का झाला?"

या प्रश्नाला चांगलं उत्तर देणं सोपं नाही, आणि मामांनी घाई केली नाही. उठून खिडकी लावली, पावसाची झड आत येत होती. परत बसले आणि मग बोलले ते या दुपारचं सगळ्यांत मोलाचं बोलणं होतं.

"सोडायचो, हे खरं. पण खाली नाही अशी एकही रेघ मी वर काढली नाही. तू सारांश लिहितेस तेव्हा वाक्यं तुझी असतात. लेखकाने चार पानांत जे सांगितलं ते तू तुझ्या एका वाक्यात सांगतेस. ते वाक्य त्याच्या पुस्तकात कुठेच नसतं. माझं ट्रेसिंग मूळ नकाशावर पुन्हा ठेव. रेघेवर रेघ बसली पाहिजे. तुझा सारांश कशावर ठेवून बघायचा?"

भाची गप्प झाली. शाळेत सारांशलेखन शिकवतात तेव्हा उताऱ्याचा एक तृतीयांश करा, स्वतःच्या शब्दांत करा, असं सांगतात. दुसरी अट पहिलीपेक्षा मोठी आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मामांनी आणखी एक उदाहरण पुढे केलं. भूमापनात 'टिपण' नावाचा कागद असतो. जुन्या मोजणीत प्रत्येक सर्व्हे नंबराचं टिपण करत. तो शेताचा हाताने काढलेला कच्चा आकार, प्रमाणात नसलेला. बाजू वाकड्यातिकड्या, पण प्रत्येकीवर माप लिहिलेलं, साखळी आणि आण्यांत. साखळी ३३ फुटांची, साखळीचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. टिपण दिसायला शेतासारखं दिसत नाही, पण त्यावरच्या आकड्यांवरून शेताचा नकाशा शंभर वर्षांनीही पुन्हा उभा करता येतो. "टिपण लहान असतं," मामा म्हणाले, "पण त्यावरून मोठं परत मिळतं. तुझ्या सारांशावरून पुस्तक परत मिळेल का?"

"नाही मिळणार," भाचीने कबूल केलं. "पण गोषवारा घ्या. त्यावरूनही रोजची किर्द परत मिळत नाही. तरी वर्षअखेरीचा आकडा किर्दीशी जुळला नाही तर कारकुनाला घरी जाता येतं का?"

तिने नेमका शब्द उचलला होता. गोषवारा फारसीतून आला. तिथे 'गोश' म्हणजे कान आणि 'गोशवारा' म्हणजे कानातला दागिना. त्याच शब्दाला हिशेबाचा आटोपशीर तक्ता असाही अर्थ आहे. मराठीने दागिना तिकडेच ठेवला आणि तक्ता घेतला. पण हिशेबी शब्द असल्यामुळे त्याला एक शिस्त आहे, जी नुसत्या सारांशाला नाही. गोषवाऱ्यातली प्रत्येक रक्कम कुठल्या तरी पानाच्या बेरजेची असते, आणि तपासणारा त्या पानावर बोट ठेवू शकतो. सारांश कशावर ठेवून बघायचा, या मामांच्या प्रश्नाचं उत्तर जमाखर्चवाल्यांनी आधीच देऊन ठेवलं होतं.

भाची मूळची गणिताची पदवीधर. तिला इथे आणखी एक ट्रेस आठवला. आकडे ओळींत आणि स्तंभांत मांडून केलेला चौकोन असतो, त्याला सारणी म्हणा. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत कर्णावर जे आकडे येतात त्यांची बेरीज म्हणजे त्या सारणीचा ट्रेस. कर्णावर चार, सात आणि दोन असतील तर ट्रेस तेरा. बाकीच्या सहा आकड्यांकडे पाहायचंही नाही. जर्मन गणितज्ञ याला 'श्पूर' म्हणत आले. जर्मनमध्ये त्याचा अर्थ पावलाचा ठसा, माग. इंग्रजीने त्याचाच अनुवाद 'ट्रेस' केला. पाहण्याची चौकट बदलली तर सारणीतले सगळे आकडे बदलू शकतात, पण ही कर्णावरची बेरीज बदलत नाही. तेरावरून सारणी परत उभी राहणार नाही. मात्र सारणीने कितीही रूपं पालटली तरी तेरा तिच्याबरोबर राहतो.

"हा ट्रेस की सारांश?" तिने विचारलं.

"ठसा," मामा म्हणाले. "जर्मनांनी बरोबर नाव ठेवलं."

त्यानंतर दोघं पुस्तकातल्या बाकीच्या जागा काढून बसले. हा शब्द पहिल्या दोन प्रकरणांतच आणखी पाच ठिकाणी आला होता आणि भाचीने सगळीकडे एकच मराठी शब्द बसवायचं ठरवलं होतं. एका इंग्रजी शब्दाला एकच प्रतिशब्द, म्हणजे वाचकाचा गोंधळ नको, हा तिचा नियम. तांत्रिक पुस्तकात तो नियम चांगलाच आहे. इथे तो पहिल्याच परीक्षेत मोडला. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला, त्याच्या मोजणीदारांनी माळावर कालव्याची रेघ 'ट्रेस' केली, असं एक वाक्य होतं. मामा लगेच म्हणाले, आखणी. जमिनीवर खुंट्या ठोकतात, दोरी लावतात, फक्की टाकतात, ती आखणी. त्याला माग म्हटलंस तर लोकांना वाटेल कालवा चोरीला गेला होता.

पावसाच्या नोंदीत 'ट्रेस' होता. पर्जन्यमापकात मोजता येत नाही इतका, ०.१ मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडला की नोंदवहीत तसं लिहितात. भाचीला 'लेशमात्र' सुचलं, मामांना 'शिंतोडा'. तिने 'शिंतोडा' घेतला, कारण दुष्काळी टापूतला माणूस आभाळाकडे पाहून तोच शब्द वापरतो. कालव्याच्या पाण्याने चोपण झालेल्या जमिनींवरच्या परिच्छेदात मातीतल्या जस्ताचा आणि बोरॉनचा 'ट्रेस' होता. तिथे शेतकऱ्याला ठाऊक असलेलं नाव 'सूक्ष्म अन्नद्रव्ये' हेच. एका कागदपत्राचा उगम 'ट्रेस' केला होता, तिथे 'शोध लावला' पुरलं. आणि जुन्या गावबंधाऱ्याचा आता 'ट्रेस' उरला नाही, हे वाचल्यावर दोघांच्या तोंडून एकदमच आलं : मागमूस.

राहिलं पहिलं वाक्य. मामांचा आग्रह 'मागोवा घेतं'वर होता. त्यात माग आहे, पाऊल आहे. भाचीला तो शब्द झिजलेला वाटत होता. वर्षाअखेरच्या पुरवणीत चित्रपटांचा मागोवा, क्रिकेटचा मागोवा; तिथे कुणी कुणाचं पाऊल पाहत नाही, नुसती यादी असते. मागोव्याचा आढावा झाला आहे, असं ती म्हणाली. मामांना ते पटलं नाही. शब्द गुळगुळीत झाला म्हणून टाकायचा नसतो, त्याच्यापुढे पुन्हा काम ठेवायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. या एका जागी मामांचं पारडं जड आहे. पुस्तक खरोखरच एका कालव्याच्या रेघेवरून पायी चालावं तसं चालतं. अशा पुस्तकापुढे ठेवला तर 'मागोवा'ला आपला जुना अर्थ परत मिळेल. भाचीने तूर्त पेन्सिलीने लिहिलं : 'हे पुस्तक कालव्यांच्या इतिहासाचा माग काढत येतं.' शेजारी कंसात 'मागोवा' आणि प्रश्नचिन्ह.

संध्याकाळी मामांनी माळ्यावरून एक गुंडाळी खाली काढली. एका वितरिकेचं ट्रेसिंग, पाण्याचा डाग पडला म्हणून त्या वेळी रद्द झालेलं. कापड पिवळं पडलं होतं, रेघ मात्र काळीभोर होती. भाचीने पुस्तकातला नकाशा उघडून त्याच्या शेजारी ठेवला. एकावर एक ठेवून बसणं शक्यच नव्हतं. पुस्तकातला नकाशा तळहाताएवढा, मामांचा पलंगभर. तरी दोघं बोट फिरवत गेली. कालव्याचं तोंड जुळलं, पहिला फाटा जुळला. पुढे पुस्तकातली रेघ सरळ गेली होती. मामांचं बोट तिथे थांबलं आणि उजवीकडे वळलं.

"इथे ओढा आहे," ते म्हणाले. "ओढा टाळून वळण घेतलंय. खाली मोरी आहे. हे वळण त्यांनी सोडलं."

भाचीने पेन्सिल घेतली आणि संपादकांसाठीच्या टिपांमध्ये पान क्रमांक लिहायला सुरुवात केली. "ओढ्याचं नाव सांगा," ती म्हणाली. मामा चष्मा वर सरकवून कापडावरची बारीक अक्षरं वाचू लागले.